चूक पुढे ओढणारे सर्किट

इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यातील लोडसेलचा, म्हणजे वजनाचे विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या सेन्सरचा, सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. तो अंकांत उतरवण्यासाठी सर्रास वापरली जाणारी एचएक्स ७११ ही २४ बिटांची चिप डेल्टा-सिग्मा पद्धतीची आहे आणि ती सेकंदाला १० किंवा ८० वाचने देते. या पद्धतीचा मॉड्युलेटर, म्हणजे सिग्नलची बिटांची माळ बनवणारा भाग, अगदी साध्या रूपात एका वेळी एकच बिट ठरवतो, तरीही त्यातून इतकी सूक्ष्म मोजणी साधते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

रेफरन्स, म्हणजे तुलनेसाठीचा ठरलेला व्होल्टेज, अधिक-उणे १ व्होल्टचा आणि इनपुट स्थिर ०.५ व्होल्ट आहे असे धरू. इंटिग्रेटर (इनपुट आणि बिट यांतील फरकांची बेरीज साठवणारा भाग) शून्यावर असताना कम्पॅरेटर (ती बेरीज शून्य किंवा अधिक असेल तर १, उणे असेल तर ० देणारा भाग) १ देतो. त्या बिटाचे +१ व्होल्ट इनपुटमधून वजा होतात आणि इंटिग्रेटर -०.५ वर येतो. आता बिट ०, म्हणून -१ व्होल्ट वजा होतात, म्हणजेच १.५ ची भर पडते आणि इंटिग्रेटर +१ वर जातो. पुढे ०.५, मग ०, मग पुन्हा -०.५. बिटांची माळ १, ०, १, १, १, ०, १, १, १ अशी चालू राहते. चारांत तीन वेळा १ (+१ व्होल्ट) आणि एकदा ० (-१ व्होल्ट), म्हणजे सरासरी नेमकी ०.५ व्होल्ट.

प्रत्येक बिट एकेकटा पाहिला तर ढोबळच असतो, पण किराणा दुकानाच्या वहीतल्या बाकीप्रमाणे त्याची चूक इंटिग्रेटरमध्ये 'मागील पानावरून पुढे' येते आणि पुढच्या बिटांना ती फेडावीच लागते. त्यामुळे चुकीचा गोंगाट कमी वारंवारतेवरून हटून वरच्या वारंवारतेकडे ढकलला जातो आणि तिथे डिजिटल फिल्टर तो गाळून टाकतो. नुसता सॅम्पलिंगचा, म्हणजे सिग्नलचे नमुने घेण्याचा, वेग दुप्पट केला तर अचूकतेत अर्ध्या बिटाचा लाभ होतो. एक इंटिग्रेटर असेल तर दीड बिटाचा, दोन असतील तर अडीच बिटांचा. टोकियो विद्यापीठातील इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी १९६२ मध्ये ही रचना मांडली, तीही दूरमापनासाठी.

एकाच इंटिग्रेटरवर मात्र विसंबू नये. वरच्या उदाहरणातील माळ दर चार बिटांनी हुबेहूब तीच येते. काही स्थिर इनपुटांना हे आवर्तन इतके लांबते की त्याचा सूर फिल्टरच्या पट्ट्यातच येतो आणि गाळला जात नाही. दुसरा इंटिग्रेटर जोडल्यास हा दोष बराच कमी होतो. तिसऱ्यापासून मात्र फीडबॅकचे, म्हणजे बिट पुन्हा इनपुटमधून वजा करण्याच्या साखळीचे, स्थैर्य सांभाळणे हेच मुख्य काम होऊन बसते.