लाल ओठ काळे होताना

माझी भाची उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या जेवणाच्या टेबलावर ग्राफिक टॅब्लेट मांडून तिने एक उद्योग आरंभला होता. ‘द क्युअर’ या इंग्लिश बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ, म्हणजे तोच तो पिंजारलेल्या केसांचा आणि ओठांबाहेर फिसकटलेल्या लिपस्टिकचा, तिला १९२० सालच्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी’ या जर्मन मूकपटात नेऊन बसवायचा होता. त्या चित्रपटात चेझारे नावाचा, झोपेत चालणारा एक तरुण आहे. जत्रेतल्या तंबूत तो शवपेटीसारख्या उभ्या पेटीत झोपलेला असतो आणि मालकाने हुकूम केला की सावकाश डोळे उघडतो. कॉनराड फाइट या नटाच्या त्या जागेवर आता स्मिथ उभा राहणार होता.

पहिले चित्र फसले. चेहरा ओळखू येत होता, पेटीही बरोबर जमली होती, पण स्मिथ स्नेहसंमेलनाला पोशाख भाड्याने आणून उभा राहिल्यासारखा दिसत होता. तिने चित्र रंगीत काढून मग एका क्लिकसरशी कृष्णधवल केले होते, त्यामुळे ओठांचा लाल रंग गुळमुळीत राखाडी झाला होता. मला एके काळी घरच्या न्हाणीघरात फोटो धुण्याचा नाद होता, तो इथे उपयोगी पडला. डार्करूममध्ये लाल दिवा चालतो, कारण फोटोच्या कागदाला लाल उजेड दिसतच नाही. मूकपटांच्या काळातील ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मची गतही तीच होती. त्या फिल्मवर लाल ओठ काळे उमटत आणि गोरी कातडीसुद्धा डागाळलेली, काळवंडलेली दिसे, म्हणून नट चेहऱ्यावर रंगाचे थर चढवत.

भाचीने लाल चॅनेल, म्हणजे संगणकावरील चित्रातला लाल रंगाचा भाग, बंद केला. ओठ एकदम काळेकुट्ट झाले, गालांवर मळकट डाग उठले, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या रंगभूषाकाराप्रमाणे तिलाही मग ते पांढऱ्या रंगाने लिंपत बसावे लागले. अर्ध्या तासाने पेटीतून जो आमच्याकडे पाहत होता, त्याला स्मिथ म्हणावे की चेझारे, हे सांगणे कठीण होते. गॉथ मंडळी, म्हणजे काळे कपडे आणि पांढराफटक चेहरा मिरवणारे रॉक संगीताचे चाहते, ज्या काळ्या ओठांना बंडखोरीची खूण मानतात, त्यांची एक शाखा फिल्मच्या लाल रंगाबाबतच्या आंधळेपणाशी जाऊन मिळते, याचे मला भारी कौतुक वाटले.

आईने मात्र मूळ चित्रपटातील दृश्ये पाहून, “हा तर नाटकाचा पडदा आहे,” असा निकाल दिला. त्यात काही चूक नव्हती. तिथली तिरकी घरे, वाकड्या खिडक्या, इतकेच काय पण सावल्यासुद्धा कुंचल्याने रंगवलेल्या आहेत.

गायक आणि जुना चित्रपट यांचे असे कलम करणारी चित्रे हल्ली पुष्कळ दिसतात आणि त्यांतली बरीचशी मला कंटाळवाणी वाटतात, कारण त्यांत एकाचे डोके दुसऱ्याच्या धडावर ठेवण्यापलीकडे काही घडत नाही. जिथे नाते आधीपासून आहे, तिथे मात्र चित्रकाराला ते नुसते उघड करायचे असते. ‘बाउहाउस’ या बँडने १९७९ साली बेला लुगोसी या ड्रॅक्युला साकारणाऱ्या नटावर नऊ मिनिटांहून लांब गाणे केले, तेव्हा रेकॉर्डच्या वेष्टनावर १९२६ सालच्या एका मूकपटातील दृश्य छापले. ‘द स्मिथ्स’ या आणखी एका इंग्लिश बँडने (रॉबर्ट स्मिथचा नव्हे) तर वेष्टनांवर स्वतःऐवजी इतरांचे चेहरे छापण्याचा परिपाठच ठेवला होता. त्यांच्या १९८६ सालच्या ‘द क्वीन इज डेड’ या अल्बमवर आडवा पडलेला आहे तो फ्रेंच नट आलँ दलाँ.

भाचीला पुढचे चित्र ‘स्मिथ्स’चा गायक मॉरिसी याचे काढायचे होते. तेव्हा मी तिला त्यांच्या १९८४ सालच्या एका रेकॉर्डची हकिकत सांगितली. वेष्टनावर टेरेन्स स्टँप या नटाचे, ‘द कलेक्टर’ चित्रपटाच्या वेळचे, हातात क्लोरोफॉर्मची घडी घेतलेले छायाचित्र होते. स्टँपने आधी परवानगी नाकारली, तेव्हा मॉरिसीने तशीच ढब घेऊन स्वतःचा फोटो काढवला, फक्त हातात दुधाचा पेला धरला. पुढे स्टँपने होकार दिला आणि मूळ चित्र परत आले.

“म्हणजे माझं काम त्यानेच करून ठेवलंय,” भाची वैतागून म्हणाली. थोड्या वेळाने पाहतो तो तिने माणूस वगळून नुसता पेला काढायला घेतला होता, आणि दुधाचा पांढरा रंग काही केल्या तिच्या मनासारखा उतरत नव्हता.