संकष्टीचा चंद्र केवढा?

संकष्टीच्या रात्री आमच्या गच्चीवर सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत असतात. कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ कधीच टळलेली, पण समोरची टेकडी मध्ये. मग "दिसला, दिसला" होतं आणि निघतो तो केवढा! पिवळाधमक, टेकडीवरच्या झाडांना टेकलेला. लगेच मोबाइल वर होतात आणि प्रत्येक फोटोत येतो साबुदाण्याचा एक दाणा.

शिव्या मोबाइलला बसतात. त्याच्या भिंगातून सगळंच लांब जातं हे खरं, पण तेवढ्याच झूमवर मध्यरात्री फोटो काढला तरी दाणा तेवढाच भरतो. हात लांब करून करंगळीचं नख चंद्रावर धरा. उगवताना झाकला जातो, तसाच डोक्यावर आल्यावरही. आकाशात तो जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. उलट उगवताना तो डोक्यावर असतो त्यापेक्षा पृथ्वीच्या जवळजवळ एका त्रिज्येने, म्हणजे सुमारे 6,400 किलोमीटर लांब असतो, म्हणजे दीड-दोन टक्के लहानच. हवेमुळे थोडा चपटा होतो, फुगत मात्र नाही.

फुगवतो आपला मेंदू. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने याचं उत्तर आकाशात न शोधता बघणाऱ्यात शोधलं. मध्ये झाडं, घरं, टेकड्या दिसल्या की वस्तू लांबची वाटते आणि लांबची असूनही एवढी दिसते म्हणजे मोठीच असणार, असा हिशेब आत परस्पर होतो. शास्त्रज्ञांचं यावर अजून एकमत नाही, पण मला हे पटतं. शेजारच्या काकूंना कागदाची नळी करून दिली, आजूबाजूचं सगळं झाकलं. त्या बघून म्हणाल्या, "एवढासाच आहे की!" आणि नळी बाजूला करून अर्घ्य दिलं ते मोठ्या चंद्राला.

मे महिन्यात डांबरी रस्त्यावर दिसणारं पाणी लोक याच पोत्यात टाकतात. मला ते मान्य नाही. मृगजळात तापलेल्या हवेतून आकाशाचा उजेड खरोखर वाकून येतो, फोटोतही उमटतो. तिथे चकवतो तो उजेड. मोठ्या चंद्राचा फोटो निघत नाही, आणि कारण पाठ असलं तरी तो लहान व्हायला तयार नसतो.

चंद्राकडे पाठ करून, वाकून, दोन पायांमधून बघितला तर पुष्कळांना तो लहान दिसतो म्हणे. उपाशीपोटी हे कोण करणार? कोजागिरीला मात्र मंडळी सूर्यास्तालाच जमली, तर एखाद्या उत्साही काकांना तयार करता येईल.