जुन्या नोरिताके सेटमधले कमी पडलेले नग जमवताना: माझा अनुभव

जुना डिनर सेट पुरा करायला निघालं की पहिल्यांदा प्लेट पालथी करायची. फुलं, वेलबुट्टी, सोनेरी काठ हे सगळं नंतर. माझ्याकडचा सेट नोरिताके या जपानी कंपनीचा, बारा जणांचा. त्यातले काही कप, दोन बशा, एका भाजीच्या वाडग्याचं झाकण आणि सोबतच्या, आयर्लंडच्या वॉटरफर्ड कंपनीच्या 'लिझमोर' डिझाइनच्या काचेच्या ग्लासांपैकी तीन कमी होते. हे नग जमवताना जे उपयोगी पडलं ते इथे देते आहे.

बुडावरचा शिक्का वाचता आला की निम्मं काम होतं. नागोयाजवळच्या नोरिताके गावात ही कंपनी १९०४ मध्ये सुरू झाली आणि तिचा पहिला पूर्ण डिनर सेट १९१४ मध्ये निघाला. अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव हवं, असा नियम १८९१ पासून होता, म्हणून जुन्या जपानी मालावर 'निप्पॉन' दिसतं. १९२१ पासून त्याजागी 'जपान' आलं. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या पुष्कळ शिक्क्यांत पानांच्या वेढ्यात इंग्रजी 'एम' आहे, तो कंपनी काढणाऱ्या मोरिमुरा घराण्याचा. १९५३ पासून तिथे 'एन' येतो. युद्ध संपल्यावर लगेचच्या काळात माल पूर्वीच्या तोडीचा नव्हता म्हणून कंपनीने स्वतःचं नाव न घालता 'रोझ चायना' या नावाने विकला. 'ऑक्युपाइड जपान' लिहिलेला नग अमेरिकी ताब्याच्या काळातला, म्हणजे १९५२ च्या आतला.

शिक्क्याखाली पॅटर्नचं नाव किंवा आकडा असतो. बऱ्याच पॅटर्नना नाव नसतंच, फक्त चार-पाच आकडी क्रमांक असतो, आणि शोध घ्यायचा तो त्याच क्रमांकाने. शेजारी हाताने घातलेला बारीक आकडा किंवा ठिपका बहुधा रंगकाम करणाऱ्याची खूण असते. त्याला पॅटर्न क्रमांक समजून लोक भलत्याच दिशेला जातात. देशाचं नावही बघा. नोरिताकेचा माल जपानबरोबरच श्रीलंका, फिलिपिन्स आणि आयर्लंडमध्येही बनला आहे, आणि मातीचा पांढरा रंग सगळीकडे एकसारखा नाही.

हा पांढरा रंगच सगळ्यात जास्त दगा देतो. फोटोत दोन्ही प्लेटा सारख्या दिसतात, टेबलावर शेजारी ठेवल्या की एक निळसर-करडी आणि दुसरी सायीच्या रंगाची. पोर्सिलेनची झाक थंड असते. बोन चायनात हाडांची राख निम्म्याच्या आसपास असते, त्यामुळे ती उजेडासमोर धरली की ऊबदार, पिवळसर दिसते. म्हणून मी विकणाऱ्याकडे एकच फोटो मागते: नग कोऱ्या पांढऱ्या कागदावर, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. मागची बाजूही तशीच.

मग मोजमाप. डिनर प्लेट साधारण साडेदहा इंची, सॅलड प्लेट सव्वाआठ, ब्रेडची सव्वासहा ते साडेसहा. भट्टीत माती दहा टक्क्यांहून जास्त आकसते, त्यामुळे एकाच पॅटर्नच्या दोन प्लेटांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. अर्धा इंच फरक असेल तर ती प्लेट वेगळ्या कामाची, मग विकणारा काहीही म्हणो.

कप-बशीचं माप मात्र नीट समजून घ्यावं लागतं. कपाच्या बुडाच्या कड्याचा बाहेरचा व्यास आणि बशीच्या खोलगट जागेचा व्यास, ही दोन मापं जुळली पाहिजेत. दोन कानांच्या सूपच्या कपाखालची बशी चहाच्या बशीसारखीच दिसते, पण तिची खोलगट जागा मोठी असते आणि कप त्यात सरकत राहतो. ती 'चहाची बशी' म्हणून सर्रास विकली जाते. उलट डेमिटास, म्हणजे छोट्या कॉफीकपाची बशी घेतली तर कप त्यात बसतच नाही. कपाचा आकारही तपासा: एकच फुलांचं डिझाइन दोन-तीन वेगळ्या घडणीच्या कपांवर येतं, आणि कानाचं वळण वेगळं असलं तर तो कप रांगेत लगेच उठून दिसतो. कप बशांपेक्षा जास्त फुटतात, त्यामुळे सुट्या बशा स्वस्त आणि सुटे कप दुर्मीळ. कप हवा असेल तर जोडी घ्यावी. उरलेली बशी कधीतरी कामाला येतेच.

सुटं झाकण शोधायच्या भानगडीत मी पडणार नाही. झाकण बऱ्याचदा त्याच्याच वाडग्यावर ठेवून भाजलेलं असतं, दोघं मिळून आकसतात. दुसरीकडचं झाकण आणलं की डुगडुगतं किंवा अडकतं. झाकणासकट वाडगा महाग पडतो, पण घ्यायचा तोच.

शोधायचं कुठे? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोची 'रिप्लेसमेंट्स लिमिटेड' १९८१ पासून हेच काम करते. पॅटर्नवार सुटे नग मिळतात, किंमत चढी असते. तिकडे राहणाऱ्यांना हे सगळ्यात सोपं. मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुनं चिनी मातीचं सामान येतं, पण तिथे ठरावीक पॅटर्न मागून मिळत नाही. घरचा एक नग आणि मोजपट्टी घेऊनच जावं.

हातात आलेला नग बोटांच्या टोकांवर तोलून नखाने टिचकी मारावी. निरोगी नग खणखणतो, केसासारखा तडा असलेला थप्प वाजतो. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवी धरून काठावरून फिरवावी; उडालेला टवका, चमच्या-सुरीचे ओरखडे, घासून गेलेलं सोनं तिथे दिसतं. भरून रंगवलेला टवका अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली आजूबाजूच्या झिलईपेक्षा वेगळा चमकतो. इपॉक्सीने जोडलेला नग शोभेला ठेवावा, खायला वापरू नये. करड्या रेघा हे ओरखडे असतीलच असं नाही. चमच्याचा धातू झिलईवर उतरतो, आणि ऑक्झॅलिक ॲसिड असलेल्या मऊ पावडरीने तो निघतो. सोन्याला मात्र ती लावायची नाही. गेलेलं सोनं पुन्हा चढवायचं तर नग परत भट्टीत घालावा लागतो, आणि जुन्या झिलईत साठलेली ओल व वायू बाहेर पडून तिच्यावर काळे ठिपके उठू शकतात. मी ते करायला सांगणार नाही.

लिझमोरचं काम त्यामानाने सरळ. हे डिझाइन १९५२ चं, मिरोस्लाव हॅवेल यांचं: खाली हिऱ्यासारखे पैलू, त्यांतून वर चढणारे उभे लांब काप. ग्लासाच्या पायाखाली आम्लाने कोरलेलं 'वॉटरफर्ड' उजेडात तिरपं धरल्यावरच दिसतं. 'टॉल' आणि 'एसेन्स' ही याच नावाची वेगळी भावंडं आहेत, उंची विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. टवका गेलेला काठ घासून खाली आणलेला असू शकतो: असा ग्लास मिलिमीटर-दोन मिलिमीटर बुटका असतो आणि काठ बोटाला गोलसर न लागता सपाट, धारदार लागतो. धुरकट ग्लासात पांढरं व्हिनेगर रात्रभर ठेवावं. पाण्याचे क्षार असतील तर निघतात. डिशवॉशरने काच झिजली असेल तर ती तशीच राहते. डिकँटर, म्हणजे मद्य ओतून टेबलावर ठेवायची काचेची बाटली, घेत असाल तर बूच आणि मान दोन्हीवर कोरलेला आकडा एकच आहे ना ते बघा, कारण प्रत्येक बूच त्याच बाटलीसाठी घासलेलं असतं. युरोपीय नियमानुसार 'लेड क्रिस्टल' म्हणजे किमान २४ टक्के लेड ऑक्साइड, म्हणजे शिशाचं संयुग, तेव्हा त्यात पेय साठवून ठेवायचं नाही, ओतून लगेच वापरायचं.

आपल्या जेवणासाठी एक सूचना. झिलईवर काढलेल्या जुन्या रंगांवर लोणचं, सोलकढी, लिंबाची फोड ठेवू नये. आंबटाने रंग खाल्ला जातो आणि जुन्या रंगांत शिसं असू शकतं. झिलईला बारीक जाळी पडली असेल तर हळद तिच्यात उतरते. तीन टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवल्यावर डाग फिका होतो, पण ब्लीच घालू नका, त्याने झिलई आणि सोनं दोन्ही खराब होतं.

पार्सल मागवताना विकणाऱ्याला लेखी कळवा: प्लेटा आडव्या रचायच्या नाहीत, काठावर उभ्या ठेवायच्या, कप एकात एक घालायचे नाहीत, खोक्यात खोकं, आणि दोन्हींच्या मध्ये सगळीकडून निदान दोन इंच भरण. खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि प्रत्येक नगाची टिचकी त्याच दिवशी घ्या. तडा गेला असेल तर तक्रारीची मुदत बहुतेक ठिकाणी थोडीच असते.