एका ओळीचा रवंथ

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायला किती वेळ लागतो, हे मी एकदा चहा उकळेपर्यंतच्या फावल्या वेळात घड्याळ लावून पाहिले, तर ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’पासून ‘आमेन’पर्यंत अवघे २५ सेकंद भरले. लहानपणी नगरच्या घरी संध्याकाळच्या उपासनेत आम्ही भावंडे ती याहूनही वेगाने म्हणत असू, कारण आमेन झाल्याशिवाय ताटे वाढली जात नसत आणि आमचे सगळे लक्ष स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासाकडे लागलेले असे. पाठांतर पक्के असले की जीभ आपली चालत राहते आणि मन भलतीकडे फिरून येते. पन्नाशी ओलांडली तरी माझी प्रार्थना त्या भुकेल्या मुलाचीच राहिली होती. भूक तेवढी गेली होती.

ख्रिस्ती मठांमध्ये बायबल वाचण्याची एक जुनी रीत आहे, तिला लॅटिनमध्ये ‘लेक्सिओ दिविना’ म्हणतात. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात अंगमेहनतीच्या तासांबरोबर या वाचनाचेही तास बांधून दिलेले आहेत, आणि बाराव्या शतकात फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातल्या कार्थुसियन संन्यासी संघाच्या मठाचा प्रमुख ग्विगो याने या वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या. त्याची उपमा साधी, जेवणाची आहे: वाचन म्हणजे घास तोंडात घालणे, मनन म्हणजे तो चावणे, प्रार्थना म्हणजे त्यातला रस काढणे, आणि चौथी पायरी, ज्या वेळी बोलणेही थांबते, ती म्हणजे प्रत्यक्ष गोडी. या मननाला मठवासी चक्क रवंथ म्हणत. बायबलमधल्या पहिल्या स्तोत्रात देवाच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करणाऱ्या माणसाला धन्य म्हटले आहे. तिथला मूळ हिब्रू शब्द पुटपुटण्याचा आहे, आणि यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात तोच शब्द कुठे सावजावर गुरगुरणाऱ्या सिंहाला आणि कुठे घुमणाऱ्या पारव्याला लावलेला आहे. मनन म्हणजे डोळे मिटून गप्प बसणे, अशी माझी समजूत होती. ते घशातून चालते, हे कळल्यावर मला जरा धीर आला, कारण गप्प बसणे मला कधीच जमलेले नाही.

मी एकच ओळ घेतली. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.’ रोज पहाटे ती हळू आवाजात म्हणायची, जो शब्द अडेल तिथे थांबायचे आणि पुढे जाण्याची घाई करायची नाही, इतकाच नियम ठेवला.

पहिल्या आठवड्यात अडला तो शेवटचा शब्द, ‘दे’. आमच्या घरी वडिलांना दादा म्हणत आणि अहो-जाहो करीत. त्यांच्याकडे पैसे मागायचे तर ‘द्या’ म्हणायचे, तेही आईच्या तोंडून. त्याच घरात, त्याच दादांच्या शेजारी मांडी घालून आम्ही स्वर्गातल्या पित्याला मात्र सरळ ‘दे’ म्हणत होतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. मराठी माणूस आईला आणि विठ्ठलाला अरे-तुरे करतो, त्याच पंक्तीला हा पिता बसलेला होता, आणि माझ्या हे लक्षात यायला इतकी वर्षे गेली.

मग ‘आमची’ अडली. मराठीत ‘आपली’ आणि ‘आमची’ हे दोन वेगळे शब्द आहेत. समोरच्याला धरून बोलायचे तर आपली, त्याला वगळून बोलायचे तर आमची. इथे भाकर मागताना देव समोर आहे, त्याला भूक नाही, म्हणून ‘आमची’च हवी, पण मग त्या ‘आम्हां’त कोण कोण येते, हा प्रश्न राहतोच. एकट्याने पहाटे खोलीत बसून म्हणतानासुद्धा या प्रार्थनेत ‘माझी’ म्हणण्याची सोय नाही.

‘रोजची’ या शब्दाने तर मोठमोठ्या विद्वानांना दमवले आहे. त्या जागी असलेला ग्रीक शब्द या प्रार्थनेबाहेर जवळजवळ कुठेच सापडत नाही. बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमने तोच शब्द, येशूचे चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानांपैकी लूकच्या शुभवर्तमानात ‘रोजची’ आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘भौतिकापलीकडची’ असा दोन परींनी नेला. मला आपली रोजचीच बरी वाटते. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, मिळाला तोही दिवसापुरता. उद्यासाठी लपवून ठेवलेल्यात किडे पडले, अपवाद फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी गोळा केलेल्याचा. आमच्या फ्रीजकडे पाहिले तर मान्नाचा हा धडा आम्ही फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

या सगळ्यात आभार कुठे आले, असे कोणी विचारील. खरे तर प्रभूच्या प्रार्थनेत आभाराचा एकही शब्द नाही. पण ‘भाकर’ या शब्दापाशी चार-पाच दिवस बसल्यावर मला आईचे हात दिसू लागले: काटवटीतले पीठ गरम पाण्याने मळणारे, भाकरी थापताना फट्‌फट् वाजणारे, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवणारे, आणि पोपडा सुटून भाकरी फुगली की तिला निखाऱ्याशी टेकवणारे. ज्वारी कोणाच्या शेतातली, दळण कोणी आणले, सरपण कोणी फोडले, हेही आपोआप आठवत गेले. तोपर्यंत माझे आभार ‘सर्व आशीर्वादांबद्दल’ असत, म्हणजे कशाबद्दलच नसत. येशूने भाकर हातात घेतली, उपकारस्तुती केली, मग ती मोडली. उपकार मानताना ती एक भाकर त्याच्या हातात होती, हा तपशील मी शेकडो वेळा चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या, म्हणजे त्या भोजनाची आठवण करण्याच्या विधीच्या, वेळी ऐकला होता.

आता रात्री दिवा मालवण्यापूर्वी पाचेक मिनिटे मी दिवस उलटा चाळतो. संत इग्नेशियसने सोळाव्या शतकात आत्मपरीक्षणाची जी पद्धत लावून दिली, तिच्यात पहिला मान उपकारस्मरणाला आहे, पापांची उजळणी नंतर. आमच्या घरच्या वळणात आधी चुकांची यादी येत असे आणि आभारापर्यंत पोहोचेतो डोळे मिटत. क्रम बदलल्यावर चुकाही अधिक नेमक्या दिसू लागल्या, हे मात्र मला अपेक्षित नव्हते: दुपारी ज्या माणसाने उन्हात सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन मजले चढवला, त्याचे मनात आभार मानायला गेलो, तेव्हा त्याला साधे पाणीही विचारले नव्हते हे आठवले.

भाकरीच्या ओळीपाशी असे अडीच महिने गेले, आणि मग मी पुढच्या ओळीकडे वळलो. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ पत्राखाली आपण ‘आपला ऋणी’ लिहितो तेव्हा तो शब्द आभाराचा असतो; इथे तो ज्याच्याकडून मला येणे आहे त्याचा आहे. माझ्या एका नातेवाइकाने नऊ वर्षांपूर्वी काही रक्कम नेली आणि त्यानंतर लग्नाकार्यांत तो मला पाहून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. गेले तीन आठवडे मी रोज पहाटे ‘ऋण्यांस’ या शब्दाशी येऊन थांबतो आणि चहाचे आधण ठेवायला उठतो.