उन्हाळ्यापर्यंत थांबू का?

माझे घर विकून काही वर्षे झाली, तरी ओळखीपाळखीतल्या कुणाच्या मनात घर विकायचा विचार आला की प्रश्न माझ्याकडे येतो: "आताच विकायला काढू, की उन्हाळ्यापर्यंत थांबू?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. उन्हाळा घराकडे जास्त माणसे आणतो, एवढे मी खात्रीने सांगू शकते. मात्र प्रत्येक घराला त्या गर्दीचा सारखा उपयोग होत नाही, आणि एक घर विकून लगेच दुसरे घ्यायचे असेल तर वाढीव किमतीतले हाती फारसे काही उरत नाही.

हंगामाची गोष्ट मुळात खोटी नाही. शाळेचे वर्ष संपते, मुलांच्या अभ्यासात खंड न पडता बिऱ्हाड हलवता येते, दिवस मोठा असल्यामुळे कामावरून सुटल्यावरही उजेडात घर पाहता येते. अशा साध्या कारणांनी थोडे जास्त लोक या दिवसांत घरे पाहायला निघतात. राचेल न्गाय आणि सिल्वाना टेनरेयरो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ब्रिटन आणि अमेरिकेतील घरांच्या व्यवहारांचा अभ्यास करून 2014 मध्ये दाखवले, की तिथे वसंत आणि उन्हाळ्याच्या सहा महिन्यांत व्यवहारही जास्त होतात आणि किमतीही चढ्या असतात. त्यांचा पुढचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीचा फरक लहानच असतो. पण गिऱ्हाइके येणार म्हणून विकणारे त्या दिवसांची वाट पाहतात, घरे बाजारात येणार म्हणून घेणारेही तेव्हाच बाहेर पडतात, आणि निवडीला वाव मिळाला की आपल्या गरजेला नेमके बसणारे घर सापडण्याची शक्यता वाढते. असे घर सापडले की माणूस चार पैसे जास्त मोजायला तयार होतो. म्हणजे वाढीव किंमत येते ती घर आणि माणूस यांचा मेळ चांगला बसल्यामुळे. कडक ऊन पडले म्हणून नव्हे.

हा मेळ म्हणजे काय, ते मला माझ्याच घराने शिकवले. आमच्या घराला एक अडचणीची खोली होती. तिला बाहेरून स्वतंत्र दार होते आणि घराच्या आतल्या भागाशी तिचा संबंध एका अरुंद बोळातून येत असे. हिवाळ्यात घर बाजारात काढले तेव्हा चार महिन्यांत मोजून तीन कुटुंबे येऊन गेली आणि तिन्ही कुटुंबांनी त्या खोलीपाशी येऊन नाक मुरडले. उन्हाळा लागल्यावर पहिल्या दोन आठवड्यांतच अकरा जण पाहून गेले. त्यांतल्या दहा जणांचे मतही हिवाळ्यातल्या तिघांसारखेच होते. अकराव्या बाई घरी शिकवण्या घेत असत, आणि विद्यार्थ्यांची ये-जा घरातून होणार नाही अशी खोली त्या वर्षभर शोधत होत्या. त्या दारासमोर थांबून, आत न जाताच, त्यांनी कुलूप चालते का, एवढेच विचारले.

यावरून माझे मत असे झाले आहे की घर जितके वेगळे, तितका त्याला उन्हाळ्याचा उपयोग जास्त. कारण अशा घराला साजेसा माणूस शंभरात एखादाच असतो आणि तो भेटायचा तर आधी शंभर जण यावे लागतात. उलट तुमचे घर इमारतीतल्या इतर वीस घरांसारखेच असेल, तर उन्हाळ्यात त्यांतली चार-पाच तुमच्याबरोबरच विक्रीला निघतात, आणि येणारा माणूस एकाच दुपारी सगळी पाहून सगळ्यांत स्वस्त कोणते एवढाच हिशेब करतो. अशा घरासाठी हंगामाच्या थोडे आधी, स्पर्धा कमी असताना, बाजारात उतरणे मला शहाणपणाचे वाटते.

आता माझ्या चुकीबद्दल, कारण सगळे श्रेय उन्हाळ्याला देणे प्रामाणिक होणार नाही. हिवाळ्यात आम्ही सांगितलेली किंमत बाजार पाहून ठरवलेली नव्हती. खरेदीच्या वेळी मोजलेली रक्कम, नंतर केलेली दुरुस्ती आणि स्वयंपाकघर नव्याने करून घेण्याचा खर्च, अशी बेरीज मांडून आणि तिच्यावर थोडे ठेवून आम्ही आकडा काढला होता. घेणाऱ्याला त्या बेरजेशी काहीही देणेघेणे नसते, हे तेव्हा कुणी सांगितले असते तरी मी ऐकले असते असे नाही. हा दोष माझ्या एकटीचा नाही, एवढाच दिलासा. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात 1990 च्या दशकात सदनिकांच्या किमती घसरल्या होत्या, त्या काळातल्या व्यवहारांचा जेनसोव्ह आणि मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना खरेदीच्या किमतीपेक्षा कमी पैसे मिळणार होते, ते मालक त्या अपेक्षित तोट्याच्या 25 ते 35 टक्के इतकी रक्कम मागणीच्या किमतीत वाढवत. प्रत्यक्ष विक्रीत मात्र त्या तोट्याचा 3 ते 18 टक्के भागच भरून निघे, आणि घरे जास्त काळ पडून राहत. आम्ही उन्हाळ्याच्या तोंडावर किंमत उतरवली. त्यामुळे ते अकरा जण हंगामामुळे आले की उतरलेल्या किमतीमुळे, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. दोन्हींमुळे आले असावेत. पण चढी किंमत लावून बसलेले घर उन्हाळ्यातही पडून राहते, आणि पुष्कळ दिवस पडून राहिलेल्या घराकडे लोक संशयाने पाहू लागतात, हे मी शेजारच्या एका घराच्या बाबतीत पाहिले आहे.

हंगामाची घाई सर्वांत जास्त कुणाला असते, तर मध्यस्थाला. "हे दिवस गेले की गिऱ्हाईक मिळणार नाही, आलेला भाव घेऊन टाका," हे वाक्य मी त्या उन्हाळ्यात इतक्यांदा ऐकले, की ते माझ्या हिताचे आहे की बोलणाऱ्याच्या, असा प्रश्न पडू लागला. लेव्हिट आणि सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये अमेरिकेतल्या शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरविक्रींच्या अभ्यासातून दाखवले, की मध्यस्थ स्वतःच्या मालकीचे घर विकतात तेव्हा ते बाजारात सरासरी साडेनऊ दिवस जास्त ठेवतात आणि त्याला सुमारे 3.7 टक्के किंमत जास्त मिळवतात. यात लबाडीच असते असे मी म्हणणार नाही. मालकाला किंमत थोडी वाढून मिळाली तर मध्यस्थाच्या वाट्याला त्यातला अगदी लहान तुकडा येतो आणि त्यासाठी आणखी दहा दिवस खपावे लागते. त्याच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही हेच सांगितले असते. म्हणून त्याच्याकडून बाजारभावाची माहिती जरूर घ्या, पण कधी थांबायचे आणि कधी होकार द्यायचा हे स्वतः ठरवा.

प्रश्न विचारणारे बहुतेक जण ज्याचा विचारच करत नाहीत, तो मुद्दा विकल्यानंतर राहायचे कुठे, हा आहे. समजा, हंगामात सगळ्याच घरांच्या किमती 3 टक्क्यांनी चढतात. तुम्ही 100 चे घर विकून 150 चे घेणार असाल, तर विक्रीत 3 जास्त मिळतील आणि खरेदीत 4.5 जास्त द्यावे लागतील. मोठ्या घरात जाणाऱ्याने उन्हाळ्याची वाट पाहणे म्हणजे स्वतःच्या तोट्याची वाट पाहणे होय; लहान घरात जाणाऱ्याच्या पदरी थोडे पडते. पूर्ण लाभ त्यालाच मिळतो ज्याला त्या बाजारात पुन्हा खरेदी करायची नाही: वारशाने आलेले घर विकणारा, भाड्याने राहणारा, किंवा दुसरीकडे कायमचा जाणारा. आम्ही भाड्याच्या घरात जाणार होतो, म्हणून आम्हाला थांबणे परवडले.

घर दाखवण्याबाबत फार लिहीत नाही. पश्चिमेच्या खोल्या सकाळी दाखवाव्यात असा सल्ला मलाही मिळाला होता. पण जो माणूस घर खरोखर घेणार असतो तो दुसऱ्यांदा येतो, आणि तो दुपारीच येतो. त्यापेक्षा उन्हाळा जे झाकतो त्याबद्दल बोललेले बरे. आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीला पावसात ओल येत असे. उन्हाळ्यात ती भिंत खडखडीत कोरडी होती, आणि रंगाचा एक हात दिला असता तर कुणाला शंकाही आली नसती. शिकवण्या घेणाऱ्या बाईंना मी विसार घेण्यापूर्वीच ती भिंत दाखवली. त्यांनी जाणकार माणूस आणून ती तपासून घेतली, दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागितला आणि आम्ही तो केला. मध्यस्थ माझ्यावर नाराज झाला. पहिल्या मोठ्या पावसानंतर बाईंचा फोन आला तेव्हा माझ्या मनात ती भिंतच आली. पण त्यांना फक्त त्या स्वतंत्र दाराची दुसरी किल्ली कोणत्या जुडग्यात आहे, एवढेच विचारायचे होते.