पिंग चालतंय, अपडेट चालतंय, पण पॅकेज काही येत नाही

शनिवार रात्र. जुन्या लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्स) बसवलं एकदाचं. २ जीबी रॅम आहे त्यामुळे वर एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप), जास्त लाड नाहीत. इन्स्टॉल करताना मोबाईलचं यूएसबी टेदरिंग लावलेलं, काहीच अडलं नाही. मग घरच्या वायफायवर आलो (सेकंडहँड राउटर आणलाय, केबलवाल्याचा त्याला परत दिला, पीपीपीओईचं, म्हणजे इंटरनेटवाल्याकडे लॉगिन व्हायचं, युजरनेम पासवर्ड मीच टाकलं) आणि एपीटी अपडेट (पॅकेजच्या याद्या ताज्या करायची कमांड) मारलं तर 'टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग'.

हे तसं सोपं होतं. ८.८.८.८ ला पिंग (पोचतंय का बघायचं छोटं पॅकेट) जातंय, नावाने जात नाही, म्हणजे डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारा) गंडलाय. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ (डीएनएस सर्व्हरचा पत्ता असलेली फाईल) उघडून हाताने १.१.१.१ लिहिलं, चाललं, खुश होऊन रीबूट केलं आणि ये रे माझ्या मागल्या. ती फाईल नेटवर्कमॅनेजर स्वतः लिहितो, आपण काही लिहिलं तरी तो पुसून टाकतो, हे मला माहीत असून मी दर वेळी विसरतो. मग एनएमसीएलआयने (नेटवर्कमॅनेजरची कमांड) त्या वायफाय कनेक्शनलाच डीएनएस दिला आणि राउटरकडून आपोआप येणारा बंद केला. झालं.

रविवार. खरी गंमत आज. एपीटी अपडेट मारलं, सगळ्या ओळींना 'हिट', एकही एरर नाही. व्हीएलसी टाकायला गेलो तर ० टक्के, 'वेटिंग फॉर हेडर्स' (सर्व्हरच्या उत्तराची वाट बघतोय), आणि तिथेच. चहा पिऊन आलो तरी तिथेच. मिरर (पॅकेज जिथून उतरतात तो सर्व्हर) बदलला, एपीटीला फक्त आयपीव्ही४ वापर म्हणून सांगितलं, फरक शून्य. टेदरिंग लावलं की दोन मिनिटात व्हीएलसी हजर. म्हणजे डेबियन निर्दोष, भानगड राउटरच्या बाजूला.

मग ट्यूब पेटली की 'हिट' म्हणजे सर्व्हरने फक्त 'काही बदललं नाही' एवढंच म्हटलंय, इटुकलं उत्तर, कारण याद्या मी आधीच टेदरिंगवर उतरवलेल्या. पिंग पण तसंच, साधं पिंग हेडर (पॅकेटच्या पुढची पत्त्याबित्त्याची माहिती) धरून ८४ बाइटचं. लहान पॅकेट येतात, मोठी गायब!

मोठं पिंग मारून बघितलं, तुकडे करायचे नाहीत असं सांगून (-एम डू, आणि आकार -एस १४७२ बाइट). उत्तर नाही. १४६४ ला लगेच उत्तर, १४६५ ला परत सामसूम. १४६४ मध्ये आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपी (पिंगचा प्रोटोकॉल) हेडरचे ८ मिळवा, १४९२. इथरनेटवर मावणारे जास्तीत जास्त १५०० वजा पीपीपीओईच्या हेडरचे ८, बरोब्बर! सर्व्हर १५०० ची पॅकेट पाठवतोय, ती या लाइनीत मावत नाहीत, आणि 'लहान पाठव' हा निरोप मधेच कोणीतरी अडवतंय त्यामुळे सर्व्हर बिचारा तीच तीच परत पाठवत बसतो.

लॅपटॉपचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४९२ केला आणि व्हीएलसी, गिंप सगळं धडाधड उतरलं. पण हा उपाय एकाच मशीनपुरता, घरात काही साइट मोबाईलवर पण अडकतात अशी कुरकुर चालू होतीच (मी म्हणत होतो तुमचा फोन जुना झालाय 😅). म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये शोधलं, वॅनच्या (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावर सगळ्यात खाली एमएसएस क्लॅम्पिंगचा (दोन्ही बाजूंना राउटरच लहान पॅकेट पाठवायला लावतो) टिकबॉक्स, रिकामा. टिक केली, लॅपटॉप परत १५०० वर आणला, तरी चालतंय. फोन पण सुधारले.

आता ब्लूटूथ. स्पीकर पेअर होतोय पण आवाज लॅपटॉपमधूनच येतोय, ते पुढच्या शनिवारी.