तुम्ही विचारलंत म्हणून: विहिरीतली बुडी अन् हातातली घडी

दारव्ह्याकडच्या आमच्या गावात समुद्र पाहिलेली माणसं मोजकी, पण विहिरीत पडलेला गुंड, म्हणजे पाण्याचं भांडं, काढून आणणारे घरोघरी. त्यात मोठे बाबा अव्वल. गावी गेलो की त्यांचा प्रश्न ठरलेला : “आमी पाच पुरुष खोल पान्यात बुडी मारत होतो गा. तवा कोनाच्या हातात घडी होती? तुलेच काऊन लागते?”

पुरुष म्हणजे एका माणसाएवढी खोली. आणि ती घडी म्हणजे माझा डाइव्ह कॉम्प्युटर : समुद्रात बुडी मारताना मनगटावर बांधायचं, खाली किती वेळ राहता येईल ते सांगणारं यंत्र.

मोठे बाबा काठावर एकदा छाती भरून हवा घ्यायचे, खाली एकही श्वास नाही. मी मात्र पाठीवरच्या सिलिंडरमधून पाऊण तास खालीच श्वास घेतो, आणि ती हवा भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने मिळते. ३० मीटरवर हा दाब काठावरच्या चौपट. म्हणजे दर श्वासात नायट्रोजनही चौपट, आणि तो अंगात मुरत जातो. भसकन वर आलं तर काय होतं, ते जत्रेतल्या गोटी सोड्याला विचारा. गोटी आत ढकलली की फेस. तसे बुडबुडे सांध्यात झाले तर असह्य कळा, मणक्यात झाले तर पाय लुळे.

कॉम्प्युटरात दाब मोजणारा सेन्सर आणि घड्याळ, बस्स. बाकी सगळा हिशोब. बऱ्याच कॉम्प्युटरांमध्ये स्वित्झर्लंडच्या अल्बर्ट ब्युलमान यांचं गणित असतं. त्यात शरीराचे १६ कप्पे मानलेत. काही नायट्रोजनने मिनिटांत भरणारे, काही तासन्‌तास घेणारे. पडद्यावर मला दिसतात ती त्या खोलीवर राहायची उरलेली मिनिटं. ३० मीटरवर पहिल्या बुडीत फार तर २०. थोडं वर सरकलं की आकडा वाढतो. मिनिटाला ९-१० मीटरपेक्षा घाईने वर निघालो की कॉम्प्युटर कोकलतो. शेवटी अंगातला नायट्रोजन निघू द्यायला ५ मीटरवर ३ मिनिटं लटकून राहायचं. तिथे कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू.

अंदमानात एकदा दोन बुड्यांच्या मध्येच माझ्या कॉम्प्युटरची बॅटरी गेली. बोटीवरच्या पोराने दुसरा पुढे केला, “हा घ्या सर, एकदम कोरा.” कोरा होता हीच तर अडचण! सकाळचा नायट्रोजन माझ्या अंगात होता, त्याच्या हिशोबात नव्हता. दुसऱ्या बुडीचे पैसे बुडाले आणि मी बोटीत बिस्किटं खात बसलो. अजून जीव जळतो.

तसा स्वतःचा कॉम्प्युटरही सर्वज्ञ नाही. रात्रभर प्रवास झालाय, पाणी कमी प्यालोय, हे त्याला कुठून कळणार? म्हणून मी सेटिंग एक घर कडकच ठेवतो. शेवटच्या बुडीनंतर विमानाला निदान १८ तास थांबतो, कारण विमानात दाब आणखी उतरतो. त्यापायी चुलतबहिणीची हळद चुकली, ते मोठे बाबा अजून ऐकवतात.

एवढं सगळं ऐकून मागल्या दिवाळीत त्यांनी कॉम्प्युटर मागून घेतला, दोराला बांधला आणि टेकेपर्यंत विहिरीत सोडला. वर काढला तेव्हा आकडा ६.४ मीटर. सेटिंग खाऱ्या पाण्याचं होतं, गोड्यात तो जरा कमी दाखवतो. तेवढी सूट देऊनही पाच पुरुष काही भरेना.

“यंदा पानीच कमी हाये,” मोठे बाबा म्हणाले.